प्रोटीनकाका

पेणमध्ये चार घरांआड गणपतीचा कारखाना असतो आणि दर आळीला एक प्रोटीनकाका. कारखान्यांना भाद्रपदानंतर चार दिवस तरी उसंत मिळते. प्रोटीनकाकांना तीही नाही. रोह्यातही ही जमात आहे, पण तिथे कुंडलिकेच्या काठाने फिरायला ऐसपैस जागा असल्यामुळे ती विखुरलेली असते, एकदम अंगावर येत नाही. पेणमध्ये मात्र वाचनालयाच्या पायरीवर, पोह्याच्या गिरणीत, एस. टी. स्टँडवरच्या रसवंतीत, कुठेही गाठ पडते आणि सुटका नसते.

ओळखायची खूण सोपी आहे. दुपारी रस्त्यात भेटलेला साधा माणूस विचारतो, "जेवण झालं का?" प्रोटीनकाका विचारतात, "किती झालं?" यावर "काय किती?" एवढं तुमच्या तोंडून निघालं की पुढचा पाऊण तास त्यांचा.

असा माणूस एका रात्रीत घडत नाही, त्यामागे वर्षानुवर्षांची साधना असते. आमच्या आळीतल्या काकांनी आधी तांब्याच्या भांड्यातलं पाणी केलं, मग गव्हांकुरांचा रस केला, मग भिजवलेल्या मेथ्या. डॉ. दीक्षितांची लाट आली तेव्हा त्यांनी दिवसातून दोनदाच आणि पंचावन्न मिनिटांत जेवायचं व्रत घेतलं. जेवायला बसताना ते गजर लावत. पंचावन्न मिनिटं ही कमाल मर्यादा आहे हे त्यांना मान्य नव्हतं. हक्काची मिनिटं वाया कशी घालवायची? चोपन्नाव्या मिनिटाला ते काकूंकडे आणखी एक पोळी मागत.

काका निवृत्त कॅशियर. आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे मोजले आणि संध्याकाळी पैशाला पैसा जुळवून घरी आले. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही, हे त्यांचं खरं दुखणं. ते ओळखायला डॉक्टर लागत नाही. पण काका डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, तळलेलं कमी करा, प्रोटीन जरा वाढवा. बस, एवढंच. काकांना मात्र त्यात हाक ऐकू आली. त्याच आठवड्यात पुण्याच्या भाच्याने कसलासा माहितीपट पाठवला आणि पहिल्या नोव्हेंबरला, जागतिक व्हीगन दिनाचा मुहूर्त साधून, काकांनी मासे, अंडी, दूध, दही, तूप, मध असं सगळं एकदम सोडलं. १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि मंडळींनी व्हीगन सोसायटी कशी काढली, हे ते असं सांगत की त्या बैठकीत चहाचे कप यांनीच फिरवले असावेत. बिनदुधाचा.

पेणच्या माणसाने मासे सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. या खारेपाटात जिताडा नावाचा मासा असतो. तो नुसता खात नाहीत. तो व्याह्याला पाठवतात, साहेबाला पोचवतात, त्याच्या जिवावर अडलेली कामं सुटल्याच्या कथा इथे घरोघरी आहेत. असा जिताडा काकांनी सोडला. मात्र सकाळी फिरून परतताना त्यांची वाट मासळीबाजारावरूनच जाते. "भाव विचारायला काय हरकत आहे?" असं ते म्हणतात आणि टोपलीतल्या जिताड्याकडे बघून हळूच पुटपुटतात, "शंभराला वीस ग्रॅम." त्या स्वरात मी फक्त माणसं गेल्यावर माणसांबद्दल बोललेलं ऐकलं आहे.

मग प्रोटीन आणायचं कुठून? उत्तर होतं कडधान्यांचं सॅलड. माहितीपटातल्या बाईंनी त्यात एडामामे, किडनी बीन्स, क्विनोआ आणि ऑलिव्ह ऑइल घातलं होतं. काका यादी घेऊन वाण्याकडे गेले. किडनी बीन्स म्हणजे राजमा, तो मिळाला. क्विनोआ म्हटल्यावर वाण्याने राजगिरा पुढे केला. ऑलिव्ह ऑइलची छोटी बाटली औषधाच्या दुकानात निघाली, तिच्यावर बाळाचं चित्र होतं. आणि एडामामे म्हणजे सोयाबीनच्या हिरव्या शेंगा, हे कळल्यावर वाणी म्हणाला, "काका, सोयाबीन लातुरात. आपल्याकडे वाल." वालाचं पोतं त्याच्या पायाशीच होतं. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दहिवरावर रायगडात हे वाल पिकतात, त्यांना वेगळं पाणी देत नाहीत. काकांना हे फार आवडलं. बिनभांडवली जमा.

आता हिशेब. राष्ट्रीय पोषण संस्थेचा आकडा त्यांना पाठ आहे: वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम. काकांचं वजन ६८ किलो. म्हणजे छप्पन्न पूर्णांक चव्वेचाळीस. दुसरा कुणी छप्पन्न म्हणून मोकळा झाला असता. काकांनी ते चव्वेचाळीस पैसे कधी सोडले नाहीत. जाड पुठ्ठ्याची वही आली. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. नावे बाजूला काय लिहायचं, हा पेच पहिल्याच दिवशी पडला. शेवटी तिथे जिना, नातवाला कडेवर घेणं आणि शेजारच्या गृहस्थाशी झालेलं भांडण असे खर्च पडू लागले. स्वयंपाकघरात इलेक्ट्रॉनिक काटा आला. तो चौरंगावर बसवला गेला. त्याला पहिल्या दिवशी कुंकू लावलं की नाही, याबद्दल आळीत दोन मतं आहेत.

पहिलं सॅलड कच्च्या मोडांचं होणार होतं. शिजवलं की जीवनसत्त्वं मरतात, असा काकांचा दावा. काकू म्हणाल्या, "वाल कच्चे खात नाहीत." "का?" "नाही खात." काकूंच्या बाजूने एवढाच पुरावा होता. मग सुनेने बाजू मांडली. ती शाळेत विज्ञान शिकवते. कच्च्या वालात प्रोटीन पचू न देणारे घटक असतात, शिवाय पोटात गेल्यावर थोडं थोडं सायनाइड सोडणारेही असतात. भिजवून, पाणी टाकून, नीट शिजवलं की ते निघून जातात. राजम्याचं तर आणखी विचित्र. तो खळखळून उकळावा लागतो, मंद आचेवर अर्धवट राहिला तर कच्च्याहून जास्त बाधतो. सायनाइड हा शब्द ऐकल्यावर काकांनी बाऊल खाली ठेवला. काकू काही बोलल्या नाहीत, त्यांनी कुकर चढवला.

तर पहिलं अधिकृत सॅलड असं: शिजलेले वाल सालीसकट, थोडा राजमा, काकडी, टोमॅटो, अलिबागचा पांढरा कांदा, कोथिंबीर, लिंबू, मिरपूड आणि वरून त्या बाळाच्या बाटलीतलं तेल. सगळं फ्रीजमध्ये गार केलेलं. मुलगा मोबाइलमधून डोकं न काढता "छान" म्हणाला. नातवाने राजमा वेचून खाल्ला. आळीतल्या आम्हा सगळ्यांना वाटी वाटी पोचलं. पांढरा कांदा उत्तम होता. पण काकांना चवीशी कर्तव्य नव्हतं. शंभर ग्रॅम सॅलड, चोवीस ग्रॅम जमा. रात्रीपर्यंत छप्पन्न पूर्णांक चव्वेचाळीस जुळले, तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर मार्चअखेरीचं तेज होतं म्हणतात.

अफरातफर उघडकीला आली ती तीन आठवड्यांनी. सुनेने सहज वही चाळली. "बाबा, हे चोवीस ग्रॅम कोरड्या वालांचे आहेत. तुम्ही खाताय शिजलेले."

"मग? वाल तेच."

"वाल तेच, पण पाणी प्यायलेले. शंभर ग्रॅम कोरडे वाल शिजले की अडीचशेच्या पुढे जातात. तुमच्या बाऊलमधल्या शंभरात आठ-नऊच ग्रॅम प्रोटीन असणार. काकडी-टोमॅटो धरले तर तेवढंही नाही."

काका त्या दिवशी वाचनालयात आले नाहीत. रात्री लाल शाईने त्यांनी एकवीस दिवसांच्या खोट्या जमा कापल्या आणि प्रत्येक खाडाखोडीवर सही केली. नोकरीत तूट आली तर कॅशियरने खिशातून भरायची असते. काकांनीही भरली: दोन दिवस मुठी मुठी शेंगदाणे खाल्ले आणि तिसऱ्या दिवशी ओवा. रोह्याच्या चिंतामणराव देशमुखांनी १९४३ साली रिझर्व्ह बँक हाती घेतली, पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून. या पट्ट्यातल्या हवेतच काटेकोरपणा आहे, अशी काकांची श्रद्धा आहे आणि आपल्या हातून तिला बट्टा लागला, याचं त्यांना फार वाटलं.

यानंतर सॅलडमध्ये सुधारणा सुरू झाल्या. प्रत्येक सुधारणा काकांनी शास्त्रीय पायावर केली. तो पाया काकू आदल्या रात्री घालून ठेवत, हा माझा तर्क.

पहिल्यांदा गेली साल. तिचं तंतुमय महत्त्व काका आठवडाभर सांगत होते. मग ती कवळीखाली गेली. दुसऱ्या दिवसापासून वाल रात्री भिजू लागले, सकाळी उपसून फडक्यात बांधले जाऊ लागले. थंडीत मोड लवकर येईनात, म्हणून पुरचुंडी काकांच्या जुन्या मफलरीत गेली. मोड आले की कोमट पाण्यात टाकून सोलायचं. हे काम वेळखाऊ. आमच्याकडे डाळिंब्या सोलायला बसलेल्या बायकांनी त्या एका बैठकीत आळीतली लग्नं जुळवलेली आहेत. इथे काकांनी सर्वांना गार केलं. अंगठा आणि तर्जनीत मोड आलेला वाल धरून दाबायचा आणि डाळिंबी अलगद बाहेर उडवायची, ही हालचाल नोटा मोजणाऱ्या बोटांना जन्मजात येते. त्यांचा वेग बघायला शेजारणी जमल्या. एकीने मोबाइलवर चित्रण केलं. निवृत्तीनंतर माणूस इतका सुखी मी पाहिलेला नाही. मध्येच ते बोट जिभेला लावायला गेले, तेव्हा काकूंनी हात धरला.

मग गेला गारठा. पौषातल्या सकाळी फ्रीजमधलं सॅलड खाऊन खोकला झाला. काकांना पुस्तकात "वॉर्म सॅलड" असा प्रकार सापडला. डाळिंब्या गरमागरम पडू लागल्या. गरम डाळिंब्यांवर काकडी कोमेजते, तेव्हा काकडी बाद. टोमॅटो तिच्या पाठोपाठ गेला.

बाळाचं तेल संपलं. नवी बाटली महाग. काकू म्हणाल्या, "साधं तेल घालते, पण कच्चं नको, जरा तापवून." तापवल्यावर त्यात मोहरी पडली. मोहरीनंतर हिंग न घालणं काकूंच्या हाताला शक्य नव्हतं. हळद जंतुनाशक. आलं-लसूण हृदयाला चांगले. वहीत याची नोंद "गरम ड्रेसिंग" अशी आहे.

या काळात तत्त्वाची परीक्षा दोनदा झाली. एकदा माघी गणपतीला. पंचामृत हातावर आलं आणि काकांच्या लक्षात आलं की दूध, दही, तूप, मध ही चार अमृतं बाद आहेत. उरली साखर, ती डॉक्टरांनी बंद केलेली. मागे रांग खोळंबली. काकांनी डोळे मिटून घेतलं आणि वहीत ते सस्पेन्स खात्याला टाकलं.

दुसऱ्यांदा पोपटीला. जानेवारीत वालाच्या शेंगा भरल्या की रायगडातल्या शेतांत रात्री मडकी लागतात. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, मग मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, केळीच्या पानात गुंडाळलेली मसाल्यातली कोंबडी, वर पुन्हा पाला. मडकं उपडं करून भोवती पेंढा-पालापाचोळा पेटवायचा. आत पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. काकांसाठी मंडळींनी वेगळं छोटं मडकं लावलं, फक्त शेंगांचं. ते काळजीने विचारत होते, "वजन टरफलासकट धरायचं की सोलून?" जाळ विझला. अंधार, धूर, दोन्ही मडकी सारखीच काळी. कुणीतरी काकांच्या पुढ्यात पानावर शेंगा ओतल्या. काकांनी एक सोलली. दुसरी सोलली. मग वीस-पंचवीस. बोटं चाटली. "बघा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कोंबडीवाचून काही अडतं का? हीच चव, तंतोतंत!" सगळ्यांनी माना डोलावल्या. छोटं मडकं तेव्हा बांधाजवळ, न फोडलेलं, उपडंच होतं. काकूंनी ते पाहिलं आणि त्याच्यावर हलकेच पेंढा सारला.

वाचनालयाच्या पायरीवर मात्र इतका समजूतदारपणा नसतो. काका तिथे सांगत होते की गांधीजींनीसुद्धा १९१२ साली, टॉलस्टॉय फार्मवर, दूध सोडलं होतं. एक निवृत्त मास्तर पेपर न हलवता म्हणाले, "मग शेळी कुणाची होती?"

"ती नंतर. आजारपणात. व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं होतं, असं कस्तुरबांनी सुचवलं."

"म्हणजे काकूंनी सुचवलं तर तुमचंही..."

काकांनी विषय राजम्याकडे नेला.

फेब्रुवारीत लिंबू गेलं. गरम ड्रेसिंगमध्ये पिळलं की कडवट होतं, म्हणून आंबटपणा आमसुलाचा. मग मुलाने मेयोनीजची आठवण काढली. सॅलड कसं मऊ, दाट हवं. मेयोनीजमध्ये अंडं. काका दोन दिवस विचारात होते. तिसऱ्या दिवशी त्यांना वनस्पतिजन्य दुधाचा शोध लागला, आणि तोही अशा घरात जिथे खोबरं खवायची विळी पाटावर कायमची बसलेली आहे. नारळाचा रस! प्राणी नाही, डेअरी नाही, डबाबंद नाही. त्या रात्री त्यांनी भाच्याला फोन लावला आणि पुण्याला हे अजून पोचलं नाही, याबद्दल हळहळ व्यक्त केली.

शेवटची सुधारणा सुनेची. कडधान्यात मेथिओनिन कमी असतं, तांदळात लायसिन कमी. दोन्ही एकत्र खाल्लं की एकाची उणीव दुसरं भरून काढतं, ते एकाच घासात असायलाच हवं असंही नाही. काकांना यातला उणीव भरून काढण्याचा भाग लगेच पटला, दोन्ही खाती जुळली. सॅलडसोबत वाफाळता भात आला. सुनेने हे सांगताना सासूकडे पाहिलं. सासू खिडकीबाहेर पाहत होती.

आता ते काय झालं होतं, हे आळीत सगळ्यांना कळलं होतं. त्या घरातून दुपारी साडेबाराला येणारा वास इथल्या प्रत्येकाने जन्मल्यापासून घेतलेला आहे. पण काकांना सांगायचं कुणी? आणि का? वजन दोन किलोंनी उतरलं होतं, चेहऱ्यावर तुकतुकी होती. माझं मत विचाराल तर माणसाला जुनं जेवण जेवायला नवं कारण मिळालं असेल तर ते काढून घेऊ नये, त्यात कुणाचं काही जात नाही.

होळीच्या आधी काका रोह्याला निघाले. थोरली बहीण, माई, तिथे असते. ऐंशीच्या पुढची. तिला बऱ्याच दिवसांत भूक लागत नाही, असं कळलं होतं. काकांनी तीन पुडांचा डबा भरला. रस्त्याने नको, मुंबई-गोवा महामार्गावर सॅलडचं काय होईल सांगता येत नाही, म्हणून दिवा-रोहा गाडी. कासूपासून नागोठण्यापर्यंत त्यांनी समोरच्या दोन कामगारांना अमिनो आम्लं समजावून दिली. नागोठण्याला ते दोघे उतरले. निडीला नवं गिऱ्हाईक मिळालं नाही.

माईने डबा उघडला. वास घेतला. एकदा भावाकडे पाहिलं, मग भात कालवला आणि एक शब्द न बोलता सगळं जेवली. ताट पुसून झाल्यावर म्हणाली, "चांगलं आहे हो. काय म्हणतात याला?"

"हाय-प्रोटीन व्हीगन वॉर्म बीन सॅलड," काका म्हणाले. "माझं स्वतःचं आहे. चार महिने लागले बसवायला."

"अगोबाई! आणि करायचं कसं रे?"

काकांनी अथपासून सांगितलं. रात्री वाल भिजवणं, फडक्यात मोड, कोमट पाणी, सोलणं. सोलताना अंगठा कसा धरायचा, तेही दाखवलं. माईची बोटं पदराखाली नकळत हलत होती. तिची सून दारात उभी होती. तिने तोंडावर हात धरला होता, माईने डोळ्यांनी तिला आत पाठवलं.

"मोहरी आधी की हिंग?" माईने विचारलं.

"मोहरी. तडतडली की हिंग."

"बरं. आणि नारळाचा रस? घट्ट आधी की पातळ?"

"पातळात शिजवायचं. घट्ट शेवटी. आणि मग उकळी नाही आणायची, माई, फुटतो."

"असं होय." माई थोडा वेळ गप्प बसली. "आणि गूळ? घालतोस का?"

काकांनी विचार केला. गूळ प्राणिजन्य नाही. "ऐच्छिक," ते म्हणाले.

"बाळा, मला हे सगळं कागदावर लिहून दे बघू. आता माझ्या लक्षात राहत नाही."

काकांनी लगेच वही काढली, मधलं पान फाडलं आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं: वाल, शंभर ग्रॅम. मग जरा थांबून, कंसात, अधोरेखित: कोरडे.